बैठ्या माणसाचा व्यायाम : तीव्र-खंडित की मध्यम-अखंड?

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने व्यायामावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वैद्यक हा माझा विषय नव्हे, आणि मी कोणी पहिलवानही नव्हे. परंतु एखाद्या व्यवहारात किती घातले, किती मिळाले आणि मधल्या मध्ये किती बुडाले, हे पाहण्याची सवय हिशेबशास्त्र लावते. प्रस्तुत विषय बराचसा याच जातीचा आहे, म्हणून हे धाडस.

प्रश्न असा. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्या, व्यायामाची सवय मुळीच नसलेल्या प्रौढ माणसाने कोणता व्यायाम करावा? रोज अर्धा-पाऊण तास एकाच बेताच्या गतीने चालावे, की आठवड्यातून तीनदा दहा-पंधरा मिनिटांत, थोडा वेळ जोर लावून व थोडा वेळ सैल सोडून, काम उरकावे? पहिल्या प्रकाराला मी या लेखात ‘मध्यम-अखंड’ व दुसऱ्याला ‘तीव्र-खंडित’ व्यायाम म्हणेन. दुसऱ्यालाच व्यायामशाळांतून ‘हिट’ म्हणतात, आणि सध्या त्याचा बोलबाला मोठा आहे.

प्रश्न आपल्या गावचाच आहे

हा प्रश्न केवळ पुस्तकी आहे असे कोणी समजू नये. हैदराबाद विद्यापीठ आणि गचीबावलीची ए.आय.जी. हॉस्पिटल्स यांच्या संशोधकांनी आपल्या शहरातील संगणक-क्षेत्रात काम करणाऱ्या ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतील सुमारे ८४ टक्के लोकांच्या यकृतात चरबी साठलेली होती. ही माणसे म्हातारी नव्हेत, कमावत्या वयाची आहेत. दीर्घकाळ बसणे, अपुरी झोप, अवेळी खाणे अशी कारणे अनेक असतात; तथापि त्या यादीतून बैठक वगळता येत नाही.

देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या पाहणीप्रमाणे, पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ साली ४९ टक्क्यांवर गेले. पुरुषांत ते ४२ व स्त्रियांत ५७ टक्के आहे. ‘बायकांना घरकामाचा व्यायाम होतोच की’ असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

‘मी तर सडपातळ आहे, मला काय भीती?’ असेही काहीजण म्हणतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ साली त्यांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे अगदी सारखे, २२.३. परंतु अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा वजनकाटा पाहून भारतीय माणसाने निर्धास्त राहणे बरे नव्हे.

बैठकीचे दुष्परिणाम प्रथम ज्यांनी आकड्यांनी दाखवले, त्या जेरी मॉरिस यांचाही उल्लेख येथे केला पाहिजे. १९५३ साली त्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, एकाच वर्गातून आलेली दोन माणसे: ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसाला पाच-सहाशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृद्रोग कमी होई, आणि झाला तरी तो तितका घातक नसे. आपल्या शहरातही पूर्वी दुमजली बस धावत. त्यांत जिना चढणारा कंडक्टर पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना हा मुद्दा चटकन पटेल. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कंडक्टरचा जिना हा एका अर्थी खंडित व्यायामच होता.

‘तीव्र’ म्हणजे किती तीव्र?

या विषयात घोटाळा होतो तो शब्दांमुळे. ‘तीव्र’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धावपटू उभा राहतो. वास्तविक तीव्रता ही ज्याच्या-त्याच्या ताकदीवर मोजायची असते. मोजण्याचा ढोबळ नियम असा: २२० मधून वय वजा करावे, म्हणजे नाडीची अंदाजे कमाल गती निघते. तिच्या ६४ ते ७६ टक्के नाडी चालली तर व्यायाम मध्यम, आणि ७७ ते ९५ टक्के चालली तर तीव्र. ४८ वर्षांच्या माणसाची कमाल गती १७२; म्हणजे ११० ते १३१ पर्यंत मध्यम, १३२ ते १६३ पर्यंत तीव्र. पंधरा सेकंद नाडी मोजून तिला चाराने गुणले की काम झाले.

हेही जमत नसेल तर बोलून पाहावे. चालता चालता गप्पा मारता येतात पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, ती तीव्र. या मापाने पाहिले तर महाविद्यालयाच्या संघातील खेळाडूला जो रेल्वेच्या पुलाचा जिना काहीच वाटत नाही, तोच जिना वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या गृहस्थांना तीव्र व्यायाम ठरतो. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

पद्धत जुनीच आहे

तीव्र-खंडित पद्धत कालपरवाची नव्हे. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गेर्शलर हे प्रशिक्षक व राइन्डेल हे हृद्रोगतज्ज्ञ यांनी तिला शास्त्रीय रूप दिले. गेर्शलर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटरचा जो विक्रम केला, तो १६ वर्षे टिकला. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून तयार झाला आणि त्याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या.

आपल्या तालमीत तरी दुसरे काय होते? जोरांचा एक डाव, मग दम, बैठकांचा एक डाव, मग दम, मग लढत. आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांची ‘गरडी मने’ आणि मराठी मुलखातली तालीम यांत या बाबतीत फरक नाही. मात्र तालीम असो की झाटोपेक, ही पद्धत कसलेल्या शरीरांसाठी होती. बैठ्या माणसाला ती चालेल काय, हा प्रश्न अलीकडचा आहे.

प्रयोग काय सांगतात?

व्यायामाची फळे मोजण्याचे एक मुख्य माप म्हणजे कमाल प्राणवायू-क्षमता; म्हणजे पूर्ण जोर लावला असता शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते. हृदय, रक्त आणि स्नायू या तिघांच्या कामाची ती एकत्रित बेरीज होय. ही क्षमता कमी असलेल्या माणसांत हृद्रोग व अकाली मृत्यू अधिक आढळतात, म्हणून तिला महत्त्व.

सर्वांत गाजलेला प्रयोग जपानचे इझुमी ताबाता यांचा, १९९६ सालचा. २० सेकंद सर्व शक्तीनिशी सायकल आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ आवर्तनांचा एक डाव. सारे मिळून चार मिनिटे. दुसरा गट आठवड्यातून पाच दिवस एक तास मध्यम गतीने सायकल मारी. सहा आठवड्यांनी प्राणवायू-क्षमता दोन्ही गटांची वाढली. खंडित गटाची थोडी अधिक. ‘चार मिनिटांत तंदुरुस्ती’ ही जाहिरात येथूनच निघाली. परंतु ताबातांची मुले तरुण व खेळात मुरलेली होती, आणि खंडित गटही आठवड्यातून एक दिवस अर्धा तास मध्यम व्यायाम करीत होता, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आपल्या प्रश्नाला थेट भिडणारा प्रयोग कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा, २०१६ सालचा. त्यातील पुरुष खरोखरच बैठे होते. एका गटाने आठवड्यातून तीनदा, १० मिनिटांच्या सायकलीत फक्त २०-२० सेकंदांचे तीन जोरदार झपाटे घेतले. म्हणजे खरे कष्ट एक मिनिटाचे. दुसऱ्या गटाने दर वेळी ४५ मिनिटे मध्यम गतीने सायकल मारली. सुरुवातीची व शेवटची संथ मिनिटे धरून ५०. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची प्राणवायू-क्षमता सारखीच, १९ टक्क्यांनी वाढली. साखर पचविण्याची शक्तीही दोन्हीकडे सुधारली.

आता वेळ मांडा. पहिल्या गटाचे आठवड्याला ३० मिनिटे, दुसऱ्याचे १५०. बारा आठवड्यांचे सहा तास विरुद्ध तीस तास. नफा सारखा आणि गुंतवणूक एक-पंचमांश! कोणताही व्यापारी पहिला सौदा पत्करील.

असे का होते, तेही थोडक्यात सांगतो. स्नायूंच्या पेशींत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म घटक असतात. प्राणवायू वापरून शक्ती निर्माण करण्याची ती भट्टी होय. एकदम जोर लावला की स्नायूतील साठवलेली शर्करा झपाट्याने खर्च होते, आणि ही टंचाईच पेशीला ‘भट्ट्या वाढवा’ असा इशारा देते. मध्यम व्यायामात हाच इशारा हळूहळू, पण दीर्घकाळ मिळत राहतो. वाटा दोन, मुक्काम एक. यकृतातील चरबीचेही तसेच आहे. ती दोन्ही प्रकारांनी घटते, आणि वजन फारसे न उतरताही घटते. अंगावरची एकूण चरबी उतरविण्यात मात्र एक पद्धत दुसरीहून सरस ठरलेली नाही.

खात्याची दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून जे उद्यापासून झपाटे घेण्यास निघाले असतील, त्यांनी जरा थांबावे. नफा सारखा आहे, हे प्रयोगशाळेतील निरीक्षकाच्या देखरेखीखाली खरे आहे. घरी काय होते?

न्यूझीलंडमधील एका प्रयोगात २५० वजनदार प्रौढांना आपल्या पसंतीचा व्यायाम निवडू दिला. १०४ जणांनी तीव्र-खंडित पद्धत घेतली. देखरेख नव्हती. प्रारंभी त्यांतील सुमारे ६० टक्के लोक नेमाने व्यायाम करीत होते. वर्षअखेर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आले. हा २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटतो. वेळ नाही म्हणून लोक व्यायाम सोडतात असे आपण मानतो. पण ज्यात वेळ अगदी थोडा लागतो तोही लोक सोडतात. कारण उघड आहे. धाप लागणे, पोटऱ्या भरून येणे, मळमळणे हे ज्याला सवयीचे नाही, त्याला आठवड्यातून तीनदा ते आपणहून अंगावर घेणे जड जाते. वेळेची बचत झाली, पण खर्च दुसऱ्या खात्यावर पडला. ते खाते म्हणजे मनाची तयारी.

धोक्याचे काय? नॉर्वेमध्ये ४,८४६ हृद्रोग्यांच्या देखरेखीखालील व्यायामाची नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडण्याचा एक प्रसंग घडला व तो प्राणघातक ठरला. तीव्र-खंडित व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोन प्रसंग घडले, दोघेही वाचले. म्हणजे एका बाजूला सुमारे एक लाख तीस हजार तासांस एक, दुसऱ्या बाजूला सुमारे तेवीस हजार तासांस एक. धोका दोन्हीकडे अत्यल्पच. पण या रुग्णांजवळ तज्ज्ञ उभे होते, आणि पहाटे एकट्याने जिना चढणाऱ्याजवळ कोणी नसते.

आयुष्य वाढते काय, हाही प्रश्न विचारला गेला. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे ७० ते ७७ वर्षांच्या १,५६७ वृद्धांवर पाच वर्षे प्रयोग चालला. २०२० च्या अहवालाप्रमाणे त्या काळात तीव्र-खंडित गटातील ३ टक्के, मध्यम गटातील ५.९ टक्के, आणि केवळ नेहमीचा सल्ला दिलेल्या गटातील ४.७ टक्के व्यक्ती मरण पावल्या. पहिल्या गटाचे पारडे जड दिसते. परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. आकडा डोळ्यांना सुखावतो एवढ्यावरून तो सिद्ध झाला असे मानू नये, हे संख्याशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आपण शिकतो.

मधला मार्ग

मग बैठ्या माणसाने करावे तरी काय? माझ्या मते याचे उत्तर जपानातील मात्सुमोतो या गावी मिळते. तेथील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली सरासरी ६३ वर्षे वयाच्या २४६ स्त्री-पुरुषांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ना सायकल, ना धावणे, केवळ चालणे. एका गटाने बेताच्या एकाच गतीने दिवसाला आठ हजारांवर पावले, आठवड्यातून निदान चार दिवस चालायची. दुसऱ्या गटाने तीन मिनिटे सावकाश व तीन मिनिटे झपझप, अशी पाच किंवा अधिक आवर्तने, आठवड्यातून चार दिवस करायची. पाच महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्के आणि प्राणवायू-क्षमता ८ ते ९ टक्के वाढली, रक्तदाबही उतरला. एका गतीने चालणाऱ्यांना एवढा लाभ झाला नाही.

यात तीव्र-खंडित पद्धतीचे तत्त्व आहे आणि मध्यम-अखंड पद्धतीचा सोसण्याजोगेपणाही आहे. मघाशी पाहिले त्याप्रमाणे, बैठ्या माणसाला तीव्र गती गाठण्यासाठी धावण्याची गरजच नसते. झपझप चालणे त्याला पुरते. फुकटात होते, गुडघ्यांना हादरे बसत नाहीत, साडी नेसूनही करता येते.

माझे काका येथील एका पेढीत हिशेबनीस आहेत. वय ४८. डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे, व्यायाम करा’ असे सांगितले, पण कोणता ते सांगितले नाही. चुलतभावाने फोनवरील सात मिनिटांचा कार्यक्रम दाखवला. काकू म्हणाल्या, ‘अहो, रोज नुसते चाला.’ डॉक्टरांची संमती घेऊन मी त्यांच्यासाठी जे वेळापत्रक मांडले, ते येथे देतो; अशा स्थितीतील कोणासही ते उपयोगी पडावे.

पहिले चार आठवडे: आठवड्यातून पाच दिवस नुसते चालणे. १० मिनिटांपासून सुरुवात करून ३० पर्यंत जाणे. नाडी ११० ते १३१.

पाचवा ते आठवा आठवडा: तीन दिवस तीन मिनिटे सावकाश व तीन मिनिटे झपझप, अशी दोन ते तीन आवर्तने. उरलेले दोन दिवस पूर्वीप्रमाणे. झपझप चालताना नाडी १३२ ते १४५.

नवव्या आठवड्यापासून: चार दिवस पाच आवर्तने, म्हणजे ३० मिनिटे. पाचव्या दिवशी अर्धा तास मध्यम गतीने अखंड.

हे जमाखर्चात कसे बसते ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला मध्यम व्यायामाची किमान १५० किंवा तीव्र व्यायामाची किमान ७५ मिनिटे हवीत. म्हणजे तीव्र एक मिनिट बरोबर मध्यम दोन मिनिटे. चार दिवसांत झपझप चालण्याची ६० मिनिटे होतात, त्यांची किंमत १२०. पाचव्या दिवसाची ३०. एकूण १५०. सावकाश चालण्याची ६० मिनिटे हिशेबात धरलेलीच नाहीत. ती शिल्लक समजावी. याखेरीज आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीचे व्यायामही त्याच शिफारशीत आहेत. त्यासाठी घरच्या घरी बैठका व भिंतीला टेकून जोर पुरेत.

जागेची आपल्याकडे वाण नाही. परेड ग्राउंडचा परिसर, संजीवय्या पार्क, हुसेनसागरचा काठ, उस्मानिया विद्यापीठाचे रस्ते ही सर्व ठिकाणे जवळची आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सूर्य वर येण्याआधीच उरकावे. ज्यांना बाहेर पडणे शक्य नाही, विशेषतः घरातील स्त्रियांना, त्यांनी गच्ची किंवा जिना वापरावा. शिफारशीत पूर्वी एका वेळी निदान १० मिनिटे तरी व्यायाम हवा अशी अट होती. तीही आता काढून टाकली आहे. तेव्हा तीन-तीन मिनिटांचे तुकडेही जमेस धरले जातात.

काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा विकार आहे, अथवा ज्यांनी चाळिशी ओलांडली असून वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्यांनी झपझप चालण्याआधी डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरण्याचे भान ठेवावे. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, घेरी किंवा गार घाम यांपैकी काहीही जाणवले तर तत्क्षणी थांबावे व विनाविलंब इस्पितळ गाठावे. ‘अपचन असेल’ म्हणून पुढे चालू नये.

समारोप

एकंदर विवेचनाचे सार असे. प्रयोगशाळेत दोन्ही पद्धतींचे फळ जवळपास सारखे आहे. वेळेच्या हिशेबात तीव्र-खंडित पद्धत स्वस्त, टिकाऊपणाच्या हिशेबात मध्यम-अखंड पद्धत सुरक्षित. बैठ्या माणसाने आरंभ मध्यम गतीने करावा, आणि शरीर रुळल्यावर चालण्यातच तीव्र गतीचे तुकडे घालावेत.

आमच्या पाठ्यपुस्तकात चक्रवाढ व्याजाचे कोष्टक असते. त्यात दर थोडा अधिक असलेल्या पण मध्येच मोडलेल्या ठेवीपेक्षा, साधारण दराची व न मोडलेली ठेव अखेरीस अधिक रक्कम देते. व्यायामाचा दर कोणता याची चर्चा आपण पुष्कळ करतो. ठेव मोडू नये यासाठी घरातल्यांनी एकमेकांना काय मदत करावी, कोणाचे कोणते काम अर्धा तास दुसऱ्याने उचलावे, याची चर्चा फारशी होत नाही. आपले प्राध्यापक दिवसभर उभे राहून शिकवतात, पण उत्तरपत्रिका बसूनच तपासतात. आपण विद्यार्थी तर वर्गातही बसतो आणि घरीही. तेव्हा ही चर्चा आपल्या महाविद्यालयातच सुरू झाली तर योग्य होईल, असे मला वाटते.